नव्वद मिनिटांचे देशभक्त

बुधवार, एडिनबरा

तिकीट माझं नव्हतंच. माझी मावसबहीण अ‍ॅबर्डीनला असते. भावजी उत्तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला आहेत, आणि 2025च्या मे महिन्यात त्यांची समुद्रातली पाळी नेमकी स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यावर येऊन बसली. अ‍ॅबर्डीन विरुद्ध सेल्टिक, शनिवार, 24 मे, हॅम्पडेन पार्क. ताईनं फोनवर सांगितलं, "तू येतोयसच तर जा त्यांच्या जागी. पण ग्रँडांना सोबत करायची. आणि ते राजकारणावर बोलायला लागले की मान डोलवायची."

ग्रँडा म्हणजे भावजींचे वडील. भाच्यानं ठेवलेलं हे नाव आता घरात सगळेच वापरतात. सत्तरी ओलांडलेली, उभा आडदांड बांधा, उमेदीची वर्षं रिगना सामान पुरवणाऱ्या बोटींवर गेलेली. ते अ‍ॅबर्डीनहून एडिनबरापर्यंत बसनं आले होते, फुकट. स्कॉटलंडमध्ये साठीच्या पुढच्यांना सगळ्या बस फुकट, बावीसच्या आतल्यांनाही. मी अधेमधे सापडलेला, त्यामुळे पुढचे सगळे दिवस ते मशीनला कार्ड टेकवून पुढे जात आणि मागे वळून माझ्याकडे दयेनं बघत.

"ही एक गोष्ट आमच्या पार्लमेंटनं बरी केली," ते म्हणाले. दुसरी कुठली, असं विचारल्यावर विचारात पडले.

मला वाटलं होतं, किल्ला वगैरे बघू. ते मला हेमार्केटला घेऊन गेले. तिथे एडिनबराच्या हार्ट्स या फुटबॉल क्लबचं युद्धस्मारक आहे. 1914च्या नोव्हेंबरमध्ये हार्ट्सचा संघ लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता आणि त्यातले बहुतेक खेळाडू एकत्र जाऊन सैन्यात भरती झाले. त्यांच्यामागून शेकडो पाठीराखेही गेले. त्यांची बटालियन सॉमच्या लढाईत उतरली आणि अर्धीमुर्धी परत आली. त्या मोसमाची लीग सेल्टिकनं जिंकली. ग्रँडा हार्ट्सचे नाहीत, तरी त्यांनी टोपी काढली. मग लगेच टोपी घालून म्हणाले, "1986 सांगू का?"

सांगितलंच. शेवटच्या दिवशी हार्ट्सला डंडीविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. सामना संपायला जेमतेम सात-आठ मिनिटं असताना डंडीच्या अल्बर्ट किडनं, जो बदली म्हणून आला होता, एकामागून एक दोन गोल केले. तिकडे सेल्टिकनं सेंट मिरनला पाच गोल घातले होते. लीग ग्लासगोला गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 1985 मध्ये, अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या अ‍ॅबर्डीननं लीग जिंकली होती. त्यानंतरच्या 40 वर्षांत सेल्टिक आणि रेंजर्स सोडून तिसऱ्या कुणाचंही नाव त्या चषकावर कोरलं गेलं नव्हतं. दोन्ही क्लब ग्लासगोचे. ग्रँडांच्या जगातलं हे पहिलं सत्य आहे आणि बाकी सगळं, म्हणजे वेस्टमिन्स्टर (लंडनचं पार्लमेंट), ब्रेक्झिट, तेलाचा कर, त्याच्या उजेडात वाचायचं असतं.

संध्याकाळी गॉर्गी रोडवर एका पबमध्ये बसलो. हार्ट्सचा मोसम सातव्या क्रमांकावर आटोपलेला, मधे दोन प्रशिक्षक घरी गेलेले, आणि दोनच दिवसांपूर्वी डेरेक मॅकिनेस नवा प्रशिक्षक म्हणून जाहीर झालेला. मॅकिनेस कधीकाळी अ‍ॅबर्डीनचा, त्यामुळे ग्रँडांनी हात झटकले: "बरा माणूस. आमच्याकडे आठ वर्षं होता, लीग कप दिला, पुढे लीगमध्ये सलग चार वर्षं दुसरा." एडिनबराचा दुसरा क्लब हिब्स मात्र त्यांच्या कौतुकाचा विषय. नोव्हेंबरात तळाला असलेला संघ डेव्हिड ग्रेनं तिसऱ्या क्रमांकावर नेला. हाच ग्रे 2016च्या कप फायनलमध्ये शेवटच्या क्षणी हेडर मारून हिब्सची 114 वर्षांची उपासमार संपवणारा कर्णधार. या देशात फुटबॉलमध्ये वर्षं मोजायची सवय भारी आहे.

गुरुवार, ग्लासगो

ग्लासगोच्या पूर्व भागात, काल्टनमध्ये, सेंट मेरीज चर्च आहे. 1887 मध्ये तिथल्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूनं सेल्टिकची स्थापना केली ती खेळासाठी कमी आणि पोटासाठी जास्त. आयर्लंडमधून उपासमारीनं पळून आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या पोरांना जेवण मिळावं म्हणून तिकिटांच्या पैशांतून निधी उभा करायचा, एवढीच कल्पना. पहिला सामना 1888च्या मे महिन्यात, रेंजर्सविरुद्धच. तेव्हा दोन्ही संघ सामन्यानंतर एकत्र जेवले म्हणतात. पुढे जहाजबांधणीच्या कारखान्यांत नोकरी कुणाला मिळायची, कुणाला नाही, शाळा कुठली, लग्न कुणाशी, हे सगळं दोन रंगांत वाटलं गेलं: कॅथलिकांचा हिरवा म्हणजे सेल्टिक, प्रोटेस्टंटांचा निळा म्हणजे रेंजर्स. रेंजर्सनं मो जॉन्स्टनला, उघडपणे कॅथलिक असलेल्या मोठ्या खेळाडूला, घेतलं ते 1989 मध्ये. बर्लिनची भिंत पडली ते वर्ष.

गॅलोगेटवरच्या पबांवर आयर्लंडचे तिरंगे. सेल्टिक पार्कच्या बाहेर पॅलेस्टाइनचे झेंडे विकायला. हे पॅलेस्टाइन प्रकरण नुसतं फॅशनचं नाही. 2016 मध्ये इस्रायली संघाविरुद्धच्या सामन्यात पाठीराख्यांनी ते झेंडे फडकावले म्हणून युएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं, क्लबला दंड केला, तेव्हा याच पाठीराख्यांनी लोकवर्गणी काढून 1,70,000 पाउंडांहून जास्त रक्कम जमवली आणि ती पॅलेस्टिनी मदतसंस्थांना पाठवली. दंड साधारण 8,600 पाउंडांचा होता. ग्रँडांना सेल्टिक मनापासून नावडतं, पण हा हिशेब त्यांनी स्वतःच मला सांगितला, आणि सांगताना त्यांचा आवाज कौतुकाकडे झुकलेला होता.

तिथेच मी त्यांना मोहम्मद सलीमची गोष्ट सांगितली. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा हा विंगर 1936 मध्ये सेल्टिककडून दोन सामने अनवाणी खेळला, पायाला नुसत्या पट्ट्या बांधून. क्लबनं राहा म्हणून आग्रह केला, तरी घरच्या ओढीनं परत गेला. ग्रँडा थोडा वेळ चालत राहिले आणि म्हणाले, "अनवाणी? मे महिन्यात की जानेवारीत?" उन्हाळ्याच्या अखेरीस, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग ठीक आहे."

दुपारी भुयारी रेल्वेनं आयब्रॉक्स. आर्चिबाल्ड लीचनं 1929 मध्ये उभारलेला लाल विटांचा मुख्य स्टँड खरंच देखणा आहे. फुटबॉलचं मैदान वाटत नाही, जुनं टाउन हॉल वाटतं. बाहेर 1971च्या दुर्घटनेचं स्मारक: जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत 66 माणसं गेली. इथे सगळीकडे युनियन जॅक. मोसम त्यांचाही वाईट गेलेला. सेल्टिकच्या मागे 17 गुणांनी, प्रशिक्षक फेब्रुवारीत हाकललेला, आणि त्याच फेब्रुवारीत कपमध्ये याच मैदानावर क्वीन्स पार्ककडून 0-1 हार. क्वीन्स पार्क म्हणजे 2019पर्यंत हौशी असलेला, दीडशे वर्षं कुणालाही पगार न देणारा क्लब. आता अमेरिकन गुंतवणूकदार रेंजर्स विकत घेणार म्हणून चर्चा चाललेली होती, आठवड्याभरात तो सौदा झालाही.

"अमेरिकनांना विकतायत आणि युनियन जॅक लावतायत," ग्रँडा म्हणाले. मग ते थांबले आणि जे म्हणाले ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं: "सकाळपासून बघतोयस ना? एका मैदानावर आयर्लंडचा झेंडा, दुसऱ्यावर ब्रिटनचा. आमचा निळा-पांढरा कुठे दिसला?"

मी म्हटलं, पण 2014च्या सार्वमतात ग्लासगोनंच स्वातंत्र्याला हो म्हटलं की. 53 टक्क्यांच्या वर. अ‍ॅबर्डीननं नाही म्हटलं, सुमारे 59 टक्क्यांनी. त्यावर त्यांनी बिअरचा घोट घेतला. त्यांनी स्वतः नाही म्हटलं होतं, पेन्शनच्या काळजीनं, आणि दोन वर्षांनी ब्रेक्झिट झालं तेव्हा 62 टक्के स्कॉटलंडनं युरोपात राहायचं म्हणूनही बाहेर पडावं लागलं. त्या दिवसापासून ते स्वतःवर चिडलेले आहेत. आज सार्वमत झालं तर काय कराल, हे त्यांना विचारायचं नाही, असं ताईनं बजावलं होतं. विचारलं नाही.

शुक्रवार, ग्लासगो आणि हॅमिल्टन

सकाळी हॅम्पडेनकडे चक्कर. मोठं स्टेडियम सोडून ग्रँडांनी आधी जवळचा एक लॉन बोल्सचा क्लब दाखवला. जगातल्या पहिल्या खऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल मैदानांपैकी एक, पहिलं हॅम्पडेन, या गवताखाली होतं. भिंतीवर 1882 मध्ये इंग्लंडला 5-1नं हरवल्याचं चित्र. त्या काळात इंग्रज चेंडू घेऊन सरळ धावत सुटायचे आणि स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास द्यायचे. क्वीन्स पार्कनं शिकवलेली ही पासची पद्धत पुढे जगानं उचलली. 1881 मध्ये लंडनला 6-1नं जिंकलेल्या संघाचा कर्णधार अँड्र्यू वॉटसन होता. डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, जन्मलेला कृष्णवर्णीय. एकोणिसाव्या शतकात.

तिथून पोलोकशील्ड्स चालत जाता येतं. दुकानांच्या पाट्यांवर उर्दू, पंजाबी, एका दुकानात हापूस म्हणून काहीतरी विकायला होतं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. केनमूर स्ट्रीट नावाचा साधा निवासी रस्ता आहे. 13 मे 2021ला, ईदच्या दिवशी, ब्रिटिश गृहखात्याची गाडी दोन भारतीय पुरुषांना पकडून न्यायला इथे आली. शेजारी बाहेर आले. एकजण गाडीखाली जाऊन आडवा झाला. बघता बघता शेकडो लोक जमले आणि तासन्‌तास त्यांनी गाडी हलू दिली नाही. शेवटी पोलिसांनी दोघांना सोडलं. "त्या गर्दीत हिरवेही होते आणि निळेही," ग्रँडा म्हणाले. हे त्यांना कसं माहीत, कोण जाणे, पण त्यांना तसं वाटावंसं वाटतं हे महत्त्वाचं.

दुपारची हॅमिल्टनची फेरी माझ्या हट्टानं झाली. हॅमिल्टन, लार्कहॉल आणि स्टोनहाउस या मतदारसंघात स्कॉटिश पार्लमेंटची पोटनिवडणूक 5 जूनला व्हायची होती. दिव्यांच्या खांबांवर पत्रकं, चौकात टेबल मांडून कार्यकर्ते. लार्कहॉल हे रेंजर्सचं गाव. तिथे हिरव्या रंगाचंच वावडं, एका सँडविचच्या दुकानानं आपली हिरवी पाटी काळी केली, अशी कथा सगळे सांगतात. आम्ही हॅमिल्टनलाच थांबलो.

ग्रँडांना मात्र हॅमिल्टनमध्ये 2025 दिसत नव्हतं, 1967 दिसत होतं. त्या एका वर्षात काय काय झालं बघा. एप्रिलमध्ये स्कॉटलंडनं वेंब्लीत विश्वविजेत्या इंग्लंडला 3-2नं हरवलं. मेमध्ये सेल्टिकनं लिस्बनला इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकला, ब्रिटनमधला पहिला. संघातले सगळेच्या सगळे ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या परिघात जन्मलेले. आणि नोव्हेंबरात याच हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (एसएनपी, स्वातंत्र्य मागणारा पक्ष) विनी ईविंगनं लेबरचा बालेकिल्ला फोडला. ग्रँडा तेव्हा शाळकरी. "आम्हाला वाटलं, झालं, आता काय, दहा वर्षांत देश मोकळा."

दहा वर्षांनी काय झालं, तेही त्यांनीच सांगितलं. 1978चा वर्ल्ड कप, अ‍ॅली मॅक्लाउडचा संघ अर्जेंटिनाला निघायच्या आधीच हॅम्पडेनवर निरोपाची मिरवणूक, जणू कप आणलाच. मग पेरूकडून हार, इराणशी बरोबरी. शेवटी हॉलंडला हरवलं, पण उपयोग नाही. पुढच्या मार्चमध्ये स्वायत्ततेचं सार्वमत: मत दिलेल्यांपैकी 51 टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले, पण एकूण मतदारांच्या 40 टक्के लोकांचा होकार हवा अशी अट लंडननं घातलेली, म्हणून फुकट गेलं. 1992च्या निवडणुकीनंतर जिम सिलर्स या राष्ट्रवादी नेत्यानं वैतागून आपल्याच लोकांना 'नव्वद मिनिटांचे देशभक्त' म्हटलं. मैदानावर शिट्टी वाजली की झेंडा गुंडाळून घरी. ते वाक्य ग्रँडांना आजही झोंबतं, म्हणून ते ते वारंवार म्हणतात.

एका टेबलावर लेबरचा तरुण कार्यकर्ता, दुसऱ्यावर एसएनपीच्या बाई, आणि सगळ्यांच्या तोंडी तिसऱ्याच पक्षाचं नाव: रिफॉर्म, नायजेल फराज यांचा उजवा पक्ष. निवडणुकीच्या त्या धामधुमीत रिफॉर्मनं लेबरचे स्कॉटिश नेते अनस सरवार यांच्यावर एक जाहिरात चालवली, की हा माणूस पाकिस्तानी समाजाचंच आधी बघणार. सरवार ग्लासगोत जन्मलेले, शेजारच्या पेस्लीत दंतवैद्य होते. मी सकाळी केनमूर स्ट्रीटवरून आलेलो, त्यामुळे ही जाहिरात मला जरा जास्तच लागली. ग्रँडांनी कार्यकर्त्या बाईंना एकच प्रश्न विचारला: "तुम्ही तेलाबद्दल काय करणार?" बाईंनी उत्तर दिलं, लांबलचक. आम्ही बसथांब्याकडे निघालो.

बसमध्ये त्यांनी मला 11-1चा नियम समजावून सांगितला. प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, 12 क्लब. काही मोठ्या बाबी बदलायच्या असतील तर 12पैकी 11 मतं हवीत. म्हणजे दोन मोठ्या क्लबांनी नाही म्हटलं की बाकी दहा जणांनी हात वर करून काही होत नाही. पूर्वी सामन्याच्या तिकिटांचं उत्पन्न पाहुण्या संघाबरोबर वाटून घ्यायची रीत होती, ती 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. आता सेल्टिक पार्कवर साठ हजार माणसं आली की सगळे पैसे सेल्टिकचे, आणि अ‍ॅबर्डीनचं मैदान वीस हजारांचं. "लंडन आमचं तेल नेतं म्हणून ग्लासगोवाले ओरडतात. आणि ग्लासगो आमचं काय नेतं?"

मी नागपूरचा आहे. अनुशेष, नागपूर करार, आमचा कापूस-कोळसा आणि तुमची मुंबई-पुणे, हे ऐकतच मोठा झालो. त्यामुळे मला मान डोलवायला ताईच्या सूचनेची गरज पडली नाही.

शनिवार, हॅम्पडेन

ग्लासगोत सामन्याच्या दिवशी बऱ्याच पबांच्या दारावर पाटी असते: क्लबचे रंग घालून आत येऊ नये. आम्ही दोघं क्लबच्या लाल रंगात. शेवटी अ‍ॅबर्डीनकरांनी भरलेला एक पब सापडला, तिथे 'फिट लाइक' म्हणजे 'कसं काय'च्या आरोळ्या आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेराव्याला आल्यासारखा भाव. कारण उघड होतं. सेल्टिकनं गेल्या 14 मोसमांतली तेरावी लीग नुकतीच खिशात घातलेली, लीग कप घेतलेला, आता तिसरा चषक बाकी. अ‍ॅबर्डीननं मोसमाची सुरुवात अशी केली होती की ऑक्टोबरमध्ये लोक 1985च्या गप्पा मारायला लागले. मग नोव्हेंबरात याच हॅम्पडेनवर सेल्टिककडून 0-6. मग एक विजय, आणि त्यानंतर लीगमध्ये महिनोन्‌महिने विजय नाही. दहा दिवसांपूर्वी घरच्या मैदानावर 1-5. आणि आदल्या शनिवारी डंडीत शेवटच्या सामन्यानंतर अ‍ॅबर्डीनच्याच प्रेक्षकांतून भिरकावलेली खुर्ची अ‍ॅबर्डीनच्याच जॅक मॅकेंझीच्या डोक्यात बसली. या खुर्चीबद्दल ग्रँडा तीन दिवस एक शब्द बोलले नव्हते. आज पबमध्ये कुणीतरी विषय काढला तर ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मैदानात दारू मिळत नाही. 1980च्या कप फायनलनंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे प्रेक्षक मैदानात उतरून भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले, तेव्हापासून बंदी. "दोघांनी मारामारी केली, तहान सगळ्या देशाला," ग्रँडा. त्यांनी बोव्हरिल घेतलं, म्हणजे गोमांसाच्या अर्काचा गरम कप. मी 'पाय' नावाची सारण भरलेली पेस्ट्री घेतली आणि आत काय आहे ते विचारलं नाही.

सामन्याबद्दल खरं सांगायचं तर पहिली 80 मिनिटं काही सांगण्यासारखी नाहीत. अ‍ॅबर्डीनचे प्रशिक्षक जिमी थेलिन यांनी पाच बचावपटूंची भिंत उभी केली आणि चेंडू सेल्टिकला देऊन टाकला. सेल्टिक तो इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहिलं. मध्यंतराच्या आधी कॉर्नरवर कार्टर-व्हिकर्सचा हेडर अ‍ॅबर्डीनच्या डॉरिंग्टनला लागून आत गेला. 1-0. हिरव्या बाजूला धूर, गाणी. आमच्या बाजूला एक म्हातारा शांतपणे पेपर वाचायला लागला, खरोखर.

मग 83वं मिनिट. बदली आलेल्या शेडन मॉरिसनं उजवीकडून धाव घेतली. त्याच्या वेगाबद्दल ग्रँडा म्हणत होते, की याला पळता येतं, फक्त थांबायचं कुठे ते कळत नाही. त्यानं गोलसमोर जोरात चेंडू मारला, पोचायला आपला एकही माणूस नव्हता. सेल्टिकचा गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल झेपावला आणि त्याच्याच हाताला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. संपूर्ण सामन्यात आम्ही गोलवर धड फटका मारला नव्हता आणि 1-1. मी ग्रँडांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते, दोन ओळी खाली कुणाच्या तरी गळ्यात पडलेले.

जादा वेळ गेला. पेनल्टी. ग्रँडांनी मैदानाकडे पाठ केली. 1990 मध्ये अ‍ॅबर्डीननं हा कप शेवटचा जिंकला तेव्हाही समोर सेल्टिक होतं, तेव्हाही पेनल्टी, 9-8. त्या दिवशी ते याच मैदानावर होते आणि सगळ्या पेनल्टी त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिल्या होत्या. आता वय झालं, म्हणाले, तू सांग.

मी समालोचन केलं. सेल्टिकचा कर्णधार कॅलम मॅकग्रेगर पहिला, आणि दिमितार मितोव्हनं अडवला. आमच्याकडून ग्रॅम शिनी, अ‍ॅबर्डीनचाच पोरगा, गोल. मग पुढचे सगळे आत, दोन्हीकडून. आमचे चारही आत. 4-3. सेल्टिकची शेवटची, अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन. चुकला तर संपलं. मी बोलायचंच विसरलो. मितोव्ह डावीकडे की उजवीकडे पडला, आजही मला आठवत नाही, चेंडू मात्र जाळ्याबाहेर राहिला. ग्रँडांना माझ्याकडून नाही, आवाजावरून कळलं.

हिरवी बाजू दहा मिनिटांत ओस. आमच्या बाजूला कुणी जागचं हलेना. ज्यांच्याशी आयुष्यात कधी बोललो नसतो अशा माणसांनी मला मिठ्या मारल्या. एकानं विचारलं, तू कुठला? नागपूर म्हटलं. तो म्हणाला, "मस्त, रोज येत जा." तेवढ्यात कुणीतरी निळा-पांढरा स्कॉटिश झेंडा अंगाभोवती लपेटून पायऱ्यांवर नाचायला लागलं. मी ग्रँडांना दाखवला. "हं," ते म्हणाले, "बघितला," आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

रविवार, अ‍ॅबर्डीन

ताईनं रात्री बारानंतर पोहे केले, भाचा झोपायला तयार नाही, भावजींचा रिगवरून फोन. तो वेगळाच तमाशा. भावजींना सामना बघायला मिळाला, पण शेवटच्या पेनल्टीला कुणीतरी स्क्रीनसमोर उभं राहिलं. त्या माणसाशी आता ते बोलत नाहीत.

दुपारी युनियन स्ट्रीटवर मिरवणूक. ग्रॅनाइटचं हे शहर एरवी पावसात अंगावर येतं. दुकानं बंद पडल्यामुळे हा मुख्य रस्ता काही वर्षांपासून रडतोय. त्या दिवशी सुमारे लाखभर माणसं आली असा अंदाज होता. शहराची लोकसंख्या दोन-सव्वादोन लाख. उघड्या बसवर खेळाडू, खाली लाल रंग. ताईच्या शेजारी पुण्याहून आलेलं एक कुटुंब, तिच्यासारखंच तेलाच्या नोकरीसाठी आलेलं. त्यांच्या मुलानं लाल गुलाल मागवला होता का कुणास ठाऊक, पण त्याच्या कपाळाला लाल होतं आणि 'गणपती बाप्पा मोरया' एकदा ऐकू आलंच. आसपासच्या लोकांना ते अ‍ॅबर्डीनचंच एखादं गाणं वाटलं असणार.

गर्दीत एका ठिकाणी तेल कामगारांच्या संघटनेचा फलक. बसवरच्या कुणीही तिकडे पाहिलं नाही.

सोमवार, अ‍ॅबर्डीन

हेझलहेड पार्कमध्ये गुलाबांच्या वाफ्यांत तीन कामगारांचा पुतळा आहे. 6 जुलै 1988ला पायपर अल्फा या रिगवर स्फोट होऊन 167 माणसं गेली, त्यांचं हे स्मारक. ग्रँडांनी त्यातली काही नावं बोटानं दाखवली. इथे ते फुटबॉलबद्दल बोलले नाहीत.

परतताना पिटोड्रीवरून, म्हणजे क्लबच्या मैदानावरून, गेलो. 1978 मध्ये सगळ्या प्रेक्षकांना बसायला जागा देणारं ब्रिटनमधलं हे पहिलं मोठं मैदान, आणि खेळाडूंसाठी बाजूला छपराचा खड्डा, ज्याला आता जगभर डगआउट म्हणतात, तो पहिल्यांदा बनवला डॉनल्ड कोलमन या इथल्याच प्रशिक्षकानं. समुद्र इतका जवळ की वारा गोलकिकही परत आणतो. समोर पाण्यात सामानाच्या बोटी नांगरलेल्या. तेल कंपन्यांच्या नफ्यावर कर 78 टक्के, नवे परवाने लेबर सरकार देणार नाही, ग्रेंजमाउथच्या रिफायनरीनं एप्रिलमध्येच कच्चं तेल शुद्ध करणं थांबवलं. सरकारी स्वच्छ ऊर्जा कंपनीचं मुख्यालय अ‍ॅबर्डीनला दिलंय खरं, पण ग्रँडांच्या मते ते पाटी लावण्यापुरतं. हवामानबदल खोटा आहे असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, बंद करायचं तर करा, पण आधी दुसरी नोकरी दाखवा. मला त्यात गैर काही वाटलं नाही. रिफॉर्मला मत द्याल का, असं मात्र विचारलं. "मी म्हातारा आहे, वेडा नाही," एवढंच.

हॅमिल्टनचा निकाल मी परतल्यावर लागला. लेबर जिंकलं, एसएनपी दुसरी, रिफॉर्म चतुर्थांश मतं घेऊन तिसरं आणि पहिल्या दोघांच्या अगदी जवळ. ताईनं कळवलं, की ग्रँडांनी निकाल ऐकून टीव्ही बंद केला आणि पुढच्या मोसमाच्या तिकिटाचा अर्ज भरायला घेतला.

पण सोमवारी पिटोड्रीच्या भिंतीला टेकून आमचं जे बोलणं झालं ते राहिलंच. कप जिंकल्यामुळे अ‍ॅबर्डीनला डिसेंबरपर्यंत तरी युरोपात खेळायला मिळणार होतं. म्हणजे पैसा. दोन खेळाडू घेता येतील, छप्पर दुरुस्त होईल, असा ग्रँडांचा हिशेब चाललेला. मी विचारलं, हे युरोपचे पैसे बाराही क्लबांत वाटले तर? मदरवेल, सेंट मिरन, किलमार्नक, सगळ्यांना थोडे थोडे. तुम्हीच म्हणता ना, वाटून घ्यायला हवं?

ग्रँडा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ते पैसे आमचे आहेत," ते म्हणाले.